तपकिरी बाटली : पेपर काय सांगतो आणि सल्ला काय सांगतो

रिसर्चची तयारी करणाऱ्या मित्रांनो, आज एक पेपर आणि त्याच्या आधारावर दिला जाणारा एक सल्ला, असे दोन्ही शेजारी ठेवून वाचू. पेपर २००१ चा आहे, 'केमिस्ट्री : अ युरोपियन जर्नल'मधला. लेखक बर्न्स, हेयरिक, डी कुकेलेअर आणि फोर्ब्स. विषय : उजेडात राहिलेल्या बिअरला घाण वास का येतो. सल्ला घरी बिअर बनवणाऱ्यांचा : तपकिरी बाटलीत भरा, उजेडाची काळजी मिटली. माझं म्हणणं एवढंच की पेपर चांगला आहे, सल्लाही बऱ्यापैकी बरोबर आहे, पण त्या पेपरमधून तो सल्ला निघत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा चुडाव्यात बसून कुणी घरी बिअर करून बघा, असं मी सांगत नाहीये. उदाहरण घेतलं ते त्याची केमिस्ट्री नीट अभ्यासली गेली आहे म्हणून. आणि तोच प्रश्न उद्या तुमच्या सिनॉप्सिसमध्ये दूध, करडईचं तेल किंवा औषधाच्या रूपात येणार आहे.

पेपर काय दाखवतो

बिअरचा कडवटपणा हॉप्समधून येतो. उकळताना हॉप्समधल्या आम्लांपासून आयसोह्युम्युलोन तयार होतात. उजेडाची ऊर्जा मिळाली की त्यांची बाजूची साखळी तुटते, पाच कार्बनचा एक रॅडिकल सुटतो, तो गंधकाशी जुळतो आणि ३-मिथाइल-२-ब्युटीन-१-थायॉल तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. कुरोइवा आणि हाशिमोतो यांनी या मार्गाची मांडणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती. पण रॅडिकल मधे तयार होतात, हे तोवर मुख्यतः अंदाजानं मानलं जात होतं. २००१ च्या पेपरनं लेसरचा झटका देऊन ते अल्पजीवी रॅडिकल ईपीआर तंत्रानं थेट नोंदले. हे मोठं काम आहे. 'असं घडत असावं' इथून 'हे घडताना दिसलं' इथपर्यंतचा हा प्रवास आहे.

पेपर काय दाखवत नाही

आता मेथड्सचा भाग उघडा. बरेच विद्यार्थी अ‍ॅब्स्ट्रॅक्टवरून थेट कन्क्लुजनवर उडी मारतात आणि नेमका हाच भाग सुटतो. प्रयोग शुद्ध संयुगांच्या द्रावणात आहे, बिअरमध्ये नाही. आणि उजेड अतिनील आहे, कारण आयसोह्युम्युलोन स्वतः प्रामुख्यानं अतिनील प्रकाशच शोषतात.

इथे थांबून विचार करा. साधी काच अतिनील प्रकाशाचा सगळ्यात तीव्र भाग तशीही अडवते. मग पांढऱ्या बाटलीतली बिअर खिडकीत का बिघडते? कारण बिअरमध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. ते ४४५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा, डोळ्यांना दिसणारा उजेड शोषतं आणि बिघाड सुरू करून देतं. गंधक पुरवणाऱ्या अमिनो आम्लांवर रायबोफ्लेविन कसं काम करतं, याचा अभ्यास हुव्हेअर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. बाटलीत जे घडतं त्याच्या जास्त जवळ हे काम आहे. दुधालाही उन्हात वास लागतो, तिथेही रायबोफ्लेविनच असतं.

म्हणजे तपकिरी काच उपयोगी पडते ती मुख्यतः हा निळा भाग अडवते म्हणून. हिरवी काच तो पुरेसा अडवत नाही. पण 'अडवते' म्हणजे 'पूर्ण अडवते' असं नाही. किती उजेड, किती वेळ, काच किती जाड, हे सांगितल्याशिवाय 'तपकिरी बाटली सुरक्षित' हे वाक्य अर्धवट राहतं.

वासाचं काय?

इंग्रजी लेखनात या वासाला सर्रास 'स्कंकसारखा' म्हणतात. स्कंक हा अमेरिकेतला प्राणी. आपल्याकडच्या किती जणांनी त्याचा वास घेतलाय? परभणीत चव-वासाचं पॅनल बसवलं आणि फॉर्मवर 'स्कंकी' असा रकाना ठेवला, तर लोक अंदाजानं टिक करतील. शिवाय स्कंकच्या फवाऱ्यातली थायॉल या संयुगाची नातेवाईक आहेत, अगदी तीच नाहीत. उपाय साधा आहे : पॅनलला आधी प्रमाणित नमुना हुंगायला द्या, मग विचारा. दुसऱ्या देशातला शब्द जसाच्या तसा उचलून मोजमाप होत नाही.

तुमचा प्रयोग असता तर

समजा, तुम्ही काचेच्या रंगाची तुलना करताय. मे महिन्यात मराठवाड्यात उन्हात ठेवलेली बाटली तापतेच. उष्णतेनंही चव बिघडते, फक्त वेगळ्या पद्धतीनं : शिळेपणा, पुठ्ठ्यासारखा वास. मग बिघाड उजेडानं झाला की उष्णतेनं, हे कसं ठरवणार? प्रत्येक रंगाच्या बाटलीशेजारी तशीच एक बाटली अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळून ठेवा. तापमान सारखं, उजेड फक्त एकीला. फॉइल उष्णता परावर्तित करते, म्हणून दोन्ही बाटल्यांच्या आतलं तापमान मोजून नोंदवा. हा अंधाराचा कंट्रोल नसेल, तर गाईडचा पहिला प्रश्न तोच असेल आणि व्हायवात परीक्षकाचाही.

आणखी एक कंट्रोल : हॉप्स न घातलेला नमुना. आयसोह्युम्युलोनच नसतील, तर हा विशिष्ट वास यायला नको. आला, तर तुमचं गृहीतक तपासायची वेळ आली. उद्योगानं हाच धागा धरला आहे : हायड्रोजन जोडून बदललेले हॉप्सचे काही अर्क वापरले की ते थायॉल तयार होत नाही, म्हणून काही कंपन्या पारदर्शक बाटली वापरू शकतात. मूळ केमिस्ट्री समजून घेतल्याचा खरा फायदा इथे दिसतो.

मग सल्ल्याचं काय करायचं?

साठवणुकीपुरतं बोलायचं तर रंगापेक्षा अंधार भरवशाचा : बंद कपाट, पुठ्ठ्याचा खोका, कॅन किंवा स्टीलचा केग. तपकिरी बाटली ही दुसरी फळी आहे, बाटली बाहेर काढल्यावर कामाला येणारी.

हे काटेकोरपणे का म्हणायचं? उद्या तुमच्या शिफारशीवरून एखादा घाणेवाला तेलासाठी महाग रंगीत बाटल्या घेईल. तेलात उजेड शोषणारं द्रव्य बहुधा हरितद्रव्य असतं आणि ते निळ्यासोबत लाल उजेडही शोषतं. तपकिरी काच लाल उजेड बराचसा जाऊ देते. बिअरवरचा निष्कर्ष तेलाला लावला, तर पैसे त्याचे जातील. म्हणून पेपर वाचताना वहीत तीन ओळी लिहायची सवय लावा : कशात मोजलं, कोणत्या उजेडात मोजलं, आणि कशाशी तुलना केली.