गुळवेल आणि सारांशातलं शेवटचं वाक्य

गुळवेलीवरच्या बऱ्याच सिनॉप्सिसची सुरुवात एका ठरलेल्या वाक्याने होते: 'ही प्राचीन काळापासून वापरली जाणारी, दुष्परिणाम नसलेली वनस्पती आहे.' यातला पहिला भाग खरा आहे. चरकसंहितेतल्या मेध्य रसायनांमध्ये गुळवेलीचा रस येतो. ताप आणि वातरक्तावर वैद्य ती देत आले आहेत. काढा, सत्त्व, संशमनी वटी ही रूपं तर घराघरांत माहीत आहेत. प्रश्न आहे तो दुसऱ्या भागाचा. तो तपासायला पुण्याबाहेर जायचीही गरज नाही.

पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या जर्नलमध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, डबल ब्लाइंड. सुंठ आणि गुळवेल असलेली दोन आयुर्वेदिक मिश्रणं एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. निष्कर्ष असा की वेदना आणि हालचाल या बाबतीत चारही गट साधारण सारखेच ठरले.

आयुर्वेदिक औषधांची इतकी नेटकी आखलेली चाचणी आपल्याकडे फार वेळा होत नाही, हे आधी मान्य करूया. पण 'सारखेच' म्हणजे कोणासारखे? यात प्लासिबोचा गट नव्हता. २००६ च्या अमेरिकेतल्या 'गेट' या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये ग्लुकोसामाइन प्लासिबोपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नव्हतं, आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांनाही बरं वाटलं होतं. म्हणजे समतुल्यतेचा दावा वाचताना, तुलना ज्याच्याशी केली तो खांब किती पक्का आहे, हेही बघायला हवं.

आता याच पेपरच्या सारांशाचा शेवट बघा. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये एसजीपीटी अनपेक्षितपणे वाढलं, सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा, असं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हा प्रामाणिकपणा आहे. पण पेपरचा संदर्भ देताना आपण 'सेलेकॉक्सिबइतकंच गुणकारी' एवढंच उचलतो आणि हे वाक्य मागे राहतं. अर्थात, मिश्रणात इतरही घटक असल्याने दोष एकट्या गुळवेलीवर टाकता येत नाही. पण मग गुणाचं श्रेयही तिला एकटीला देता येणार नाही!

पुढे करोनाकाळात 'इम्युनिटी'साठी लोक गुळवेल रोज घ्यायला लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी नेमकं काय घेतलं ते तपासलेलं नाही, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. आक्षेप रास्त होता. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली, तीत ऑटोइम्यून यकृतविकाराशी असलेला संबंध पुढे आला.

तरीही अशा नोंदींवरून धोक्याचं प्रमाण काढता येत नाही, कारण गुळवेल घेऊन काहीच न झालेले किती, हा भागाकारातला खालचा आकडा आपल्याकडे नाही. पण 'प्रमाण माहीत नाही' म्हणजे 'धोका नाही' असं होत नाही. आणि ओळख पटवण्याची अट फक्त इजेच्या पेपरला लावायची, गुणाच्या पेपरला नाही, हे चालणार नाही. शिवाय वैद्याने प्रकृती बघून ठरावीक काळ दिलेलं सत्त्व आणि स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने प्यायलेला काढा, यांना एकच 'परंपरा' म्हणणं हा परंपरेवरही अन्याय आहे.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये तीन गोष्टी आधी लिहा: वनस्पतीची ओळख कोणी पटवली आणि नमुना कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला, रस, काढा, सत्त्व की अर्क, आणि मात्रा किती, माणसांवर अभ्यास असेल तर यकृताच्या तपासण्या कधी कधी करणार. 'दुष्परिणाम नसलेली' हे शब्द मात्र खोडून टाका. ते तुमच्या कामातून सिद्ध व्हायचे आहेत, प्रस्तावनेत गृहीत धरायचे नाहीत.