कागदाचं फूल मिटत का नाही?

(चिंचवड इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

फर्स्ट शिफ्ट करून थेट इथे आलेली बरीच मंडळी दिसताहेत, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. प्रत्येक खुर्चीवर एक कोरा ए-फोर कागद ठेवलाय. त्याचं विमान करू नका (हशा), शेवटी तो लागणार आहे.

विषय आहे निसर्गातले आकार पाहून केलेली कागदाची मॉडेल्स. फुलं, पानं, पक्षी, बेडूक. आता कागदाच्या फुलावर कसली आलीय टीका, असं तुम्हाला वाटेल. पण माझी तीसेक वर्षं भोसरी आणि चाकणच्या प्रेस शॉपमध्ये गेली. सपाट पत्र्याचं काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, यावरच माझं पोट चाललं. त्यामुळे कागदाचं फूल हातात आलं की मी ते आधी उलटं करून बघतो.

मागे एका शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. एक अख्खा वर्ग कागदाच्या मॉडेल्सना दिलेला. गुलाब, कमळ, मोर, फुलपाखरं. रंग झकास, चमकी भरपूर. बरीचशी मॉडेल्स स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तयार किटमधली होती. कापायच्या रेषा छापून आलेल्या, चिकटवायच्या जागांवर नंबर. मी एकच प्रश्न विचारत फिरलो: हे फूल कळीत असतं तेव्हा पाकळ्या कशा बसलेल्या असतात? कुणालाच सांगता येईना. शेवटच्या टेबलावर एका मुलाकडे जास्वंदीचं फूल होतं, चुरगळलेलं, फाटकं. तो म्हणाला, ‘सर, हे मिटवायला गेलो, तर फाटलं.’ आम्ही बक्षीस मोराला दिलं. निकालाच्या कागदावर माझीही सही आहे. आज बोलतोय ते त्या सहीमुळे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कागदाचं मॉडेल मूळ वस्तूसारखं किती दिसतं, यावर त्याची किंमत करू नये. नुसतं सारखं दिसायला हवं असेल तर मोबाईलवर फोटो काढा. मॉडेल केल्यावर करणारा खऱ्या फुलाकडे परत गेला का, आणि गेला तर आधी न दिसलेलं काही त्याला दिसलं का, हे बघावं.

आता कागदाचा स्वभाव बघू. घरी गेल्यावर एक करा. कागद वाटीवर बाहेरून दाबून बसवा. बसत नाही, कडेला चुण्या पडतात. प्रेसवाल्यांना हे पाठ आहे. पत्र्याची वाटी काढताना ब्लँकची कड मोकळी सोडली की रिंकल येतात. म्हणून ब्लँक होल्डरने कड दाबून धरायची आणि पंचने पत्रा ताणत आत न्यायचा. पत्रा ताणला जातो. साधा कागद ताणला जात नाही, फाटतो. गाउसने १८२७ मध्ये हेच गणितात मांडलं: न ताणता, न आकसता सपाट पृष्ठाचा चेंडूसारखा गोलवा होऊच शकत नाही. म्हणून तर जगाचा सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटं बोलतो.

आता जास्वंदीची पाकळी घ्या. ती सपाट नाही, तिच्या कडेला लहरी आहेत. कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढते, जास्तीची लांबी मावायला जागा नसते, म्हणून ती लाटा घेते. झाड काही प्रेस मारत नाही. पेशी वाढत जातात आणि त्यातून आकार येतो. कळीत पाच पाकळ्या एकमेकींवर कड टाकून पिळलेल्या असतात, प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली आणि दुसरी वर. त्या मुलाचं फूल फाटलं ते इथे. वाढीचं काम तो घडीकडून करून घेऊ बघत होता. कागद फाटला म्हणजे कागदाने त्याला खरं तेच सांगितलं. ते ऐकून घ्यायला आम्ही परीक्षक थांबलो नाही.

कात्री आणि डिंकाची फुलं वाईट, असं मात्र मी म्हणत नाहीये. गणपतीच्या सजावटीसाठी क्रेप पेपरची फुलं करणाऱ्या बायकांचे हात बघा. पाकळी कापली की दोन्ही अंगठ्यांनी ती मधोमध ताणतात, तिला पोट येतं. मग कड चिमटीत धरून ओढतात, लहरी निघतात. क्रेप पेपर ताणता येतो, कारण त्यात बारीक चुण्या आधीच भरलेल्या असतात. म्हणजे कागद निवडतानाच या बायकांनी पाकळीचा नियम ओळखलाय. किटमधल्या जाड कार्डशीटच्या गुलाबामागे असलं काहीच ओळखलेलं नसतं. नंबर जुळवले की गुलाब झाला.

मग साध्या कागदाला निसर्गातलं काय जमतं? घडी जमते. चाकणला कंपन्यांच्या गेटाशी, रिसेप्शनच्या कुंडीत, पंख्यासारख्या पानांचा पाम तुम्ही पाहिला असेल. त्याचं नवं पान भाल्यासारखं वर येतं, सगळ्या घड्या मिटलेल्या, आणि मग सावकाश पंखा उघडतो. युरोपात हॉर्नबीम नावाचं झाड आहे. त्याच्या पानाच्या मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना समांतर उपशिरा निघतात आणि पान त्यांच्यावर घड्या घालून कळीत बसतं. कोबायाशी, क्रेसलिंग आणि व्हिन्सेंट या तिघांनी १९९८ मध्ये या उघडण्याची भूमिती मांडली. उपशिरांचा मधल्या शिरेशी होणारा कोन मोठा असेल तर पान आटोपशीर घडीत मावतं, पण पसरायला वेळ लावतं. कोन लहान असेल तर लवकर पसरतं, पण घडी तितकी आटोपशीर होत नाही. डिस्पॅचमध्ये काम केलेल्या माणसाला ही ओढाताण वेगळी समजवावी लागत नाही. (हशा) कोर्यो मिउरा या जपानी संशोधकाची तिरक्या घड्यांची रचना याच कुळातली. १९९५ मध्ये अंतराळात गेलेल्या ‘स्पेस फ्लायर युनिट’ या जपानी यानावर तिचा प्रयोग झाला.

पण इथेही सावध राहायला हवं. पाम आधी सपाट पान तयार करून मग त्याच्या घड्या घालत नाही. कोवळं पान घड्यांसकटच वाढतं. कागद आपल्याला पानाचं उघडणं दाखवतो, वाढणं दाखवत नाही. आपलं मॉडेल कुठपर्यंत खरं आहे, हे करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

आता आपल्याकडची दोन मोठी माणसं. अरविंद गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झाले आणि इथे टेल्कोत कामाला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी मुलांच्या हातात दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणूस थोर, म्हणूनच त्यांनी लोकप्रिय केलेल्या कागदी खेळण्यांना आपली कसोटी लावू.

शेपटी ओढली की पंख हलवणारा पक्षी घ्या. मुलं वेडी होतात. पण खरा पक्षी पंख हलवतो ते छातीच्या स्नायूंनी. हे खेळणं कागदाबद्दल खरं सांगतं, पक्ष्याबद्दल नाही. दुसरा फ्लेक्सॅगॉन. आतून बाहेर फिरवत राहिलं की एकामागून एक चार चित्रं दिसतात आणि पुन्हा पहिलं येतं. त्यावर बेडकाचं जीवनचक्र काढता येतं. चक्र घडीत आहे, ही सुरेख गोष्ट. बेडूक मात्र घडीत नाही, तो स्केचपेनने काढलेला आहे. आणि तिसरा, उडी मारणारा कागदी बेडूक. असा चौकोनी बेडूक कुठल्या डबक्यात सापडायचा नाही. पण त्याची मागची घडी दाबली की कागदात ताण साठतो, बोट निसटलं की तो सुटतो. खरा बेडूकही उडीआधी स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या ताणून त्यांत जोर साठवतो. आमच्या भाषेत स्प्रिंगबॅक. पत्र्याच्या कामात स्प्रिंगबॅक ही कटकट असते, बेडकाचं त्यावर पोट चालतं. तिघांत दिसायला सगळ्यात ओबडधोबड हाच, आणि माझ्या मते बेडकाच्या सगळ्यात जवळ हाच जातो. शाळांनी गुप्तांकडून ‘टाकाऊतून टिकाऊ’ तेवढं उचललं. खेळणं उघडून, मोडून बघायची त्यांची सवय उचलली नाही.

दुसरे डॉ. अनिल अवचट, आपल्याच जिल्ह्यातल्या ओतूरचे. हमालांवर, यंत्रमाग कामगारांवर लिहिणाऱ्या या माणसाने मराठी घरांत ओरिगामी आणली. ‘छंदांविषयी’ वाचून हातात कागद घेतलेले लोक या सभागृहातही असतील. त्यांचं हे ऋण मोठं आहे. तरी एक तक्रार आहे, आणि ती त्यांच्याबद्दल कमी, आपल्याबद्दल जास्त. त्यांच्यासाठी छंद म्हणजे एखाद्या गोष्टीमागे झपाटून लागणं. आपण मात्र ‘छंद’ शब्दाचा सोयीस्कर अर्थ घेतला: काम संपल्यावरचा विरंगुळा. त्यामुळे घडी कामाच्या बाहेर गेली. दिवसभर बेंडिंग मशीनवर उभा असलेला बाप आणि घरी कागद दुमडणारी त्याची मुलगी एकच गोष्ट करताहेत, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

तसं व्हायला हवं होतं असं नाही. आधुनिक ओरिगामीचे गुरू मानले जाणारे अकिरा योशिझावा (१९११ ते २००५) लहान वयात टोकियोच्या कारखान्यात कामगार म्हणून लागले, पुढे ड्राफ्ट्समन झाले. नव्या कामगारांना भूमिती शिकवायला ते कागदाच्या घड्या वापरत. १९३७ मध्ये कारखाना सोडून ते पूर्णवेळ ओरिगामीकडे वळले. कागद किंचित ओला करून त्याला गोलवा द्यायची रीत त्यांचीच. म्हणजे कागद जिथे अडतो ती जागा त्यांनी ओळखली, आणि तिथे पाण्याची मदत घेतली.

कुणी म्हणेल, पोरांना चमकीचा मोर करण्यात आनंद मिळतो, तो कशाला हिरावता? नाही हिरावत. मोर करू दे. पण त्याला विज्ञानाचं बक्षीस देऊ नका, कारण बक्षीस कशाला मिळतं ते बघूनच मुलं पुढच्या वर्षीचं ठरवतात. ज्याचं फूल फाटलं, तो मुलगा पुढच्या वर्षी किट आणेल, आणि ते आपण त्याला शिकवलेलं असेल. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत ताण, घडी, स्प्रिंगबॅक हाताला माहीत असलेला माणूस संध्याकाळी जेवायला बसतो. त्याला मुलाच्या प्रोजेक्टबद्दल कुणी काही विचारत नाही. किटचे पैसे तेवढे मागतात.

तेव्हा तुमच्यापैकी जे शाळांमध्ये परीक्षक म्हणून जातात त्यांना विनंती. फुलाशेजारी खरी कळी ठेवायला सांगा. आणि मॉडेल कुठे फसलं, त्यालाही मार्क ठेवा.

आता तो कागद घ्या. बोटभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घाला, एक टोक चिमटीत धरा, दुसरं सोडा. झाला पंखा. उद्या कंपनीच्या गेटावर पामच्या नव्या पानाशेजारी तो धरून बघा. कुठे जुळतो, कुठे जुळत नाही, ते घरी मुलांना सांगा, किंवा त्यांनाच दाखवायला घेऊन जा.

प्रश्न असतील तर विचारा. वाटीवाला प्रयोग कुणाला जमला, तर माझ्याकडे घेऊन या. (हशा)