बिबट्याची भीती

जिम कॉर्बेटच्या रुद्रप्रयागवरच्या पुस्तकातला (१९४८) एक उतारा मराठीत आणताना माझं घोडं 'बिबट्याची भीती' या दोन साध्या शब्दांवर अडलं. कोणाची भीती? माणसाला बिबट्याची वाटणारी, की बिबट्याला स्वतःला वाटणारी? मराठीतला हा '-ची' दोन्हीकडे तोंड करून बसतो. हिंदीतल्या 'का डर'चंही तेच. मी वाक्य फोडून 'लोकांना वाटणारी' असं लिहिलं. पुस्तक पुन्हा वाचल्यावर ते खोडलं.

केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर १९१८ ते १९२६ या काळात या बिबट्याने, सरकारी नोंदींप्रमाणे, १२५ माणसं मारली. अंधार पडला की गावंच्या गावं दारं लावून घेत. कोणी हुकूम काढला नव्हता, तरी कॉर्बेट त्याला संचारबंदीच म्हणतो. वाचकांच्या मनात हेच चित्र राहतं. पण संचारबंदी रात्रीचीच का? याचं उत्तर त्याच्या आधीच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'च्या (१९४४) प्रास्ताविकात आहे. नरभक्षक झालेल्या वाघाला माणसाचं भय उरत नाही, म्हणून तो दिवसाढवळ्या मारतो. बिबट्याचं भय मात्र कितीही माणसं मारली तरी जात नाही, म्हणून तो अंधारातच येतो. म्हणजे दारामागच्या भीतीची वेळ दाराबाहेरच्या भीतीनेच ठरवली होती!

हा बिबट्या नरभक्षक का झाला, याचं कॉर्बेटने दिलेलं कारण असं: १९१८च्या इन्फ्लुएन्झात इतकी माणसं गेली की प्रेतं न जाळता दरीत लोटली गेली, आणि त्याला चटक लागली. मला हे अपुरं वाटतं. त्यातून सुरुवात कळते, पुढची आठ वर्षं कळत नाहीत. त्या वर्षांचा उलगडा पुस्तकातच इतरत्र विखुरलेला आहे. पुलावर गोळी लागूनही हा बिबट्या सुटला, गुहेत कोंडला गेला तरी निसटला, विष खाऊनही वाचला. आपण त्याला धूर्त म्हणून मोकळे होतो. पण ही अक्कल त्याला शिकवली कोणी? फसलेल्या प्रत्येक शिकारीने. कॉर्बेटच्या वाट्याला आला तो शिकाऱ्यांनीच घडवलेला बिबट्या.

आणि बिबट्या कॉर्बेटला घडवत होता. माग काढत गेलेल्या या माणसाला परतताना स्वतःच्याच पावलांवर बिबट्याचे ठसे दिसतात. तिथून त्याचं गद्य बदलतं. वाक्यं मागे वळून पाहू लागतात. साहेबाने गाव वाचवलं, अशी ही कथा सांगायची आपली सवय आहे (पुस्तकाच्या वेष्टनांनीही ती जोपासली). पण माझ्या मते पुस्तकाचा कस लागतो तो या पानांवर, जिथे पारध कोण आणि पारधी कोण हे निवेदकालाही खात्रीने सांगता येत नाही. शेवटी आंब्याच्या झाडावरून त्याने गोळी घातली, तेव्हा समोर राक्षस नव्हता, एक म्हातारा बिबट्या होता. कॉर्बेट हे लपवत नाही.

आज जुन्नरच्या उसातल्या बिबट्यांच्या बातम्यांना 'बिबट्याची दहशत' असा मथळा येतो. तिथे तो '-ची' एकाच बाजूला झुकलेला असतो.

मसुद्यात मी 'बिबट्याची भीती' तशीच ठेवली. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं आहे.