पुन्हा सांगितलेली भीती

जुन्या भयपटांच्या नव्या आवृत्त्या काढण्याचा प्रघात जगभर वाढला आहे. त्याकडे पाहताना बहुतेक समीक्षक एकच तक्रार करतात, की निर्मात्यांपाशी नवे काही सांगण्यासारखे उरलेले नाही. ही तक्रार अगदीच निराधार नसली तरी पुरेशी नाही. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात. तेथे परिचित कथानक पुन्हा रंगमंचावर आले म्हणून प्रेक्षक उठून जात नाही. यंदाच्या मंडळीने ते कसे उभे केले, हे तो पाहतो. पुनर्निर्मित चित्रपटालाही हाच न्याय लावला पाहिजे. कथा जुनी असली तर असू द्या. ती पुन्हा सांगण्याचे कारण सांगणाऱ्याला सापडले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

याची दोन परस्परविरुद्ध उदाहरणे पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत आहेत. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या कृष्णधवल चित्रपटाची गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये रंगीत आवृत्ती काढली. मूळ चित्रपटातील जवळजवळ प्रत्येक दृश्य त्यांनी त्याच क्रमाने आणि त्याच कोनातून पुन्हा चित्रित केले. अक्षर तेच, शाईचा रंग तेवढा वेगळा. परिणाम मात्र ओसरला. भीती ही नक्कल करून मिळणारी वस्तू नव्हे, एवढेच त्या प्रयोगाने सिद्ध केले.

याउलट ‘नोस्फेराटू’ची परंपरा पाहावी. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी १९२२ मध्ये ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेताच हा मूकपट काढला. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज आपल्याला पाहता येतो. त्यात नायिका आत्मबलिदान करून रक्तपिपासू उमरावाला पहाटेपर्यंत रोखून धरते आणि सूर्यकिरणांनी त्याचा नाश होतो. वेर्नर हेर्झोग यांच्या १९७९ च्या चित्रपटातही ती बलिदान करते. पण तिचा पतीच नवा रक्तपिपासू होऊन घोड्यावरून निघून जातो. रॉबर्ट एगर्स यांच्या २०२४ च्या आवृत्तीत नायिकेच्या एकाकी हाकेनेच त्या दुष्ट शक्तीला वाट मिळालेली असते. कथा एकच, पण प्रश्न तीन आहेत : दुष्टाई बाहेरून येते काय, ती मारल्याने संपते काय, आणि तिला दार कोण उघडते? प्रत्येक पिढीने आपला प्रश्न विचारला, म्हणून या तिन्ही कृती सार्थ ठरल्या.

मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित नाही. नारायण धारप यांनी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ या कादंबरीच्या आधारे ‘लुचाई’ लिहिली आणि परक्या देशातील भय मराठी मातीत रुजवून दाखविले. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र अलीकडे उलटा प्रवास घडला. विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘लपाछपी’ हा मराठी भयपट २०१६ मध्ये महोत्सवांतून आणि जुलै २०१७ मध्ये चित्रपटगृहांतून प्रेक्षकांपुढे आला. त्याच दिग्दर्शकाने त्याची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ या नावाने केली. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राईम व्हिडिओवर आली. ‘लपाछपी’ला अभिजात म्हणण्याइतका काळ लोटलेला नाही, परंतु एकाच कलावंताने एकच भीती दोन भाषांत सांगितल्यामुळे तुलनेची अशी संधी क्वचितच मिळते.

कथानक थोडक्यात असे. नेहा ही आठ महिन्यांची गर्भवती तरुणी. पती तुषार कर्जात बुडालेला. सावकाराच्या माणसांपासून बचाव करण्यासाठी दोघे शहर सोडतात आणि आपल्या चालकाच्या गावी, उसाच्या फडांनी वेढलेल्या एकाकी घरात येऊन राहतात. चालकाची पत्नी तुळसाबाई तिची सेवा करते, तिला दटावते आणि तिच्यावर पाळतही ठेवते. कोठून तरी मुलांचे आवाज येतात, ती खेळायला बोलावतात. हळूहळू उलगडते, की या घराच्या इतिहासात मुलगाच हवा या हट्टापायी रक्त सांडलेले आहे. नेहाला (आणि आपल्यालाही) कळून चुकते, की धोका मृतांपासून नाही, जिवंतांपासून आहे.

पूजा सावंत यांनी नेहाची घुसमट संयमाने व्यक्त केली आहे. परंतु चित्रपट तोलून धरतात त्या उषा नाईक. त्यांची तुळसाबाई ही काही चेटकीण नव्हे. ती आपल्या ओळखीची बाई आहे. सूनबाईला जेवू घालणारी, वाकून चालू नको, संध्याकाळी बाहेर जाऊ नको असे सांगणारी. तिच्या मायेत आणि दहशतीत सीमारेषा कोठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. भयपटातील हा सर्वांत दुर्मीळ गुण होय.

उसाच्या फडाचा उपयोगही अर्थपूर्ण आहे. धानाच्या बांधीत वाढलेल्या आपल्याला हे चटकन जाणवेल. बांधीत उभा राहिलेला माणूस दूरवरून दिसतो; उसात शिरलेला माणूस दोन पावलांवर नाहीसा होतो. तेथे काहीही पुरता येते. पवित्र शास्त्रातील पहिला खूनही शेतातच झाला. काइनाने कोणी पाहत नाही असे मानले. पण हाबेलचे रक्त जमिनीतून बोलू लागले. ‘लपाछपी’तील आवाज त्याच जातीचे आहेत. म्हणूनच हे शीर्षक नेमके आहे. लपतात ती केवळ खेळणारी मुले नव्हेत. एक अख्खे कुटुंब आपल्या पापावर राज्य येऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लपत आलेले असते.

‘छोरी’त नेहाची साक्षी होते (नुसरत भरुचा) आणि तुळसाबाईची भन्नोदेवी (मीता वशिष्ठ). परिसर उत्तरेकडील ग्रामीण बोलीचा आहे. ऊस तोच आणि कथेचा सांगाडाही तोच. छायाचित्रण अधिक सफाईदार आहे आणि मीता वशिष्ठ यांचा अभिनय प्रभावी आहे. तरीही एक महत्त्वाची गोष्ट बदलली, आणि ती शीर्षकातच दिसते. खेळाचे नाव जाऊन बळीचे नाव आले. मूळ चित्रपट जे लपवून ठेवतो आणि आपल्याला शोधायला लावतो, ते हिंदी आवृत्ती अधिक ठासून उच्चारते. संदेश प्रेक्षकाच्या हाती आयता पडतो. शोधून सापडलेले सत्य टोचते. आयत्या मिळालेल्या सत्याला मान डोलावून आपण मोकळे होतो. पुढे २०२५ मध्ये ‘छोरी २’ आला. त्यात मुलगी जन्मली आहे, वाढली आहे, आणि पळविल्या गेलेल्या त्या मुलीचा शोध आई घेते. फेरकथनापेक्षा हा पुढचा प्रश्न विचारणे कल्पना म्हणून अधिक रास्त होते.

मग ‘छोरी’ व्यर्थ ठरली काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हिंदी प्रेक्षकाच्या घरात, त्याच्या बोलीत ही भीती नेणे हे पुनर्निर्मितीचे पुरेसे कारण आहे. धोका आहे तो आपल्यासारख्या मराठी प्रेक्षकाला. ‘छोरी’ पाहताना आपण सहज म्हणतो, ‘हे तिकडचे आहे.’ आकडे वेगळे सांगतात. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात देशात दर हजार मुलग्यांमागे ९१८ मुली होत्या. महाराष्ट्रात त्या ८९४ होत्या, म्हणजे देशाच्या सरासरीहून कमी. २००१ मध्ये हाच आकडा ९१३ होता. बीड जिल्ह्यात तर तो ८०७ वर आला होता. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. असे असूनही ही घसरण झाली. ‘लपाछपी’ मराठीत बोलते, म्हणून ‘तिकडचे’ म्हणण्याची सोय ती ठेवत नाही.

गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत हे प्रमाण साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे राज्यात वरच्या क्रमांकाचे होते. आपण त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ‘आमच्याकडे असे नाही’ हे वाक्यही लपण्याचीच एक जागा होऊ शकते. दुसरी मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी सांत्वनाचे शब्द घेऊन येणारे शेजारी आणि नातलग आपल्या धर्मग्रामातही असतात. त्यात रक्त सांडत नाही, हे खरे. तरी तुळसाबाईचे बोलणे तेथूनच सुरू होते.

पालकांसाठी एक सूचना. या दोन्ही चित्रपटांत क्रौर्य आहे, म्हणून ते लहान मुलांना दाखवू नयेत. मोठ्यांनी मात्र ते मोबाईलवर एकेकट्याने पाहण्यापेक्षा घरातील सासू, सून, मुलगा यांनी एकत्र बसून पाहावेत, आणि शक्य असेल तर आधी मराठी, मग हिंदी. भूत अंगावर आले की आपण किंचाळतो आणि नंतर हसतो. ते भय संपलेले असते. तुळसाबाई सुनेच्या ताटात भात वाढते तेव्हा खोलीत कोणी हसत नाही. पुन्हा सांगण्याजोगी भीती ती हीच.