त्यागराजांची अट

बंगळूरच्या चामराजपेठेत श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून होत आला आहे. अशा उत्सवातील एकाच बैठकीत त्यागराजांची (१७६७–१८४७) तेलुगू कृती आणि पुरंदरदासांचे कन्नड पद ऐकावयास मिळते. परंतु दोहोंतील मुक्तीचा मार्ग एकच नव्हे.

पुरंदरदासांच्या पदांच्या मूळ चाली बहुतांशी लुप्त झाल्या. आजच्या चाली पुष्कळशा उत्तरकालीन आहेत. तरीही ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा आणि तीमागील उपदेश टिकला, कारण तेथे भार शब्दावर आहे. अभंगावर पोसलेल्या मराठी रसिकास हे सहज उमगते.

त्यागराजांपाशी मात्र हे माप अपुरे पडते. ‘मोक्षमु गलदा’ या सारमती रागातील कृतीत मोक्षासाठी भक्तीबरोबर संगीतज्ञानाचीही अट आहे. एकच ओळ संगतींच्या निरनिराळ्या स्वररूपांतून पुनःपुन्हा येते, तेव्हा शब्द तोच राहून आर्तता वाढत जाते. ही पुनरुक्ती जपाच्या जातीची होय. पण अट दुहेरी आहे. संगती केवळ कसबासाठी आल्या, तर ज्ञान उरते आणि भक्ती लोपते. म्हणून समीक्षकाने कृतीच्या शब्दार्थाशी न थांबता, गायकाची प्रत्येक संगती त्या अर्थाला कोठवर नेते, हे तपासले पाहिजे.