स्थिर वाचनाचा आग्रह आणि अनुमापनातील अचूकता : एक टीकात्मक दृष्टिक्षेप

आम्ल-आम्लारी अनुमापन हा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला खऱ्या अर्थाने मात्रात्मक प्रयोग होय. निरीक्षण तक्त्यात तीन वाचने आणि शेवटच्या स्तंभात ‘सी.बी.आर.’, म्हणजे ब्युरेटचे स्थिर वाचन, ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत १०.०, १०.०, १०.० असे तीन आकडे एकाखाली एक दिसतात व त्याखाली शिक्षकाची स्वाक्षरी असते. या एकसारखेपणाला अचूकतेचा पुरावा मानण्याची प्रथा मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

५० मि.ली.च्या नेहमीच्या ब्युरेटवर सर्वांत लहान विभाग ०.१ मि.ली.चा असतो. दोन रेषांमधील द्रवपातळीचा अंदाज घेऊन दुसरे दशांश स्थळ नोंदविणे अपेक्षित असते. तोटीतून पडणारा एक थेंब सुमारे ०.०५ मि.ली.चा भरतो. अनुमापनास १० मि.ली. द्रावण लागत असेल, तर एका थेंबाने निष्कर्षात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ‘ब’ वर्गाच्या ब्युरेटला ०.१ मि.ली.ची त्रुटी मान्य आहे. १० मि.ली.वर ती एक टक्का होते, तर २५ मि.ली.वर केवळ ०.४ टक्के. रसायनांच्या बचतीसाठी २५ मि.ली.च्या पिपेटऐवजी १० मि.ली.चे पिपेट रूढ झाले. ही काटकसर समजण्यासारखी आहे. परंतु तिची किंमत विद्यार्थ्याला क्वचितच सांगितली जाते.

दुसरे दशांश स्थळ प्रामाणिकपणे नोंदविले, तर तीन वाचने तंतोतंत जुळणे हा अपवाद ठरावा. ९.९५, १०.०५, १०.०० अशी वाचने ही चांगल्या हाताची खूण आहे. गुणदान मात्र जुळणीला होते. परिणामी दुसऱ्या अनुमापनाच्या वेळी विद्यार्थ्याची नजर शंकूपात्रातील फिकट गुलाबी छटेपेक्षा ब्युरेटवरील आधीच्या आकड्यावर अधिक असते. पातळी तिथे पोहोचली की तोटी बंद होते. नरसाळे ब्युरेटवर तसेच राहिले, तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला, पिपेटमधील शेवटचा थेंब फुंकून काढला, तरी तक्ता निर्दोषच दिसतो.

याहून गंभीर बाब अशी की, खरोखर जुळलेली वाचनेही चुकीची असू शकतात. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड शोषून घेते; म्हणूनच त्याचे द्रावण केवळ वजनावरून प्रमाणित मानता येत नाही. समजा, बाटलीतील दहा टक्के सोडा कार्बोनेटमध्ये रूपांतरित झाला आहे. मिथिल ऑरेंज वापरल्यास कार्बोनेट पूर्णपणे मोजले जाते आणि जेथे १० मि.ली. आम्ल लागावे तेथे तेवढेच लागते. फिनॉल्फ्थॅलीनने कार्बोनेटची अभिक्रिया बायकार्बोनेटपाशी थांबलेली दिसते व वाचन ९.५ मि.ली. येते. दोन्ही वेळा तीन-तीन वाचने जुळतील. दर्शकाची निवड हा तोंडी परीक्षेतील पाठांतराचा प्रश्न होऊन बसला आहे; एकाच बाटलीवर दोन्ही दर्शक वापरून हा अर्ध्या मि.ली.चा फरक दाखविला, तर वेगळे व्याख्यान लागणार नाही.

नाशिकमध्ये हा विषय प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेरही जातो. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर दिंडोरी, निफाड परिसरात वायनरींचा विस्तार झाला, आणि द्राक्षरसाची व वाइनची आम्लता सोड्याच्या अनुमापनानेच मोजतात. टार्टारिक आम्लाच्या स्वरूपात ६ ग्रॅम प्रति लिटर आम्लता असलेल्या १० मि.ली. नमुन्यास ०.१ मोलर सोडा सुमारे ८ मि.ली. लागतो. वर वर्णिलेला सोडा मिथिल ऑरेंजने प्रमाणित करून येथे वापरल्यास हीच आम्लता ६.३ भरेल. उष्ण हवामानात द्राक्षातील मॅलिक आम्ल घटते व आंबविण्यापूर्वी टार्टारिक आम्ल मिसळावे लागते. आम्लता फुगवून दाखविणाऱ्या अनुमापनाने ते गरजेपेक्षा कमी मिसळले जाईल. लाल वाइनमध्ये तर नैसर्गिक रंगद्रव्येच सामूनुसार रंग बदलतात. गुलाबी छटा शोधणे व्यर्थ ठरते आणि सामूमापक घ्यावा लागतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आधी काढून टाकला नाही, तर तोही आम्लतेत मोजला जातो. शिवाय ऑस्ट्रेलियात सामू ८.२ हा, तर आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या पद्धतीत ७ हा अंतिम बिंदू धरला जातो. तो न सांगता दिलेला आम्लतेचा आकडा अपुरा आहे.

मोठ्या तुकड्या आणि मर्यादित वेळ ही अडचण खरी आहे. तथापि, गुणदानाची रीत बदलण्यास वेळ लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यास किंचित वेगळ्या, फक्त परीक्षकास ठाऊक असलेल्या तीव्रतेचे द्रावण द्यावे. म्हणजे शेजाऱ्याचा आकडा निरुपयोगी होतो. वाचने दोन दशांश स्थळांपर्यंत शाईने नोंदवून घ्यावीत, सरासरी व फैलाव दोन्ही मागावेत आणि निष्कर्ष खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे यावर गुण द्यावेत. तक्त्याच्या शेवटच्या स्तंभातील ‘सी.बी.आर.’ ही अक्षरे खोडून तेथे ‘सरासरी’ हा शब्द छापण्यास अभ्यासमंडळाच्या मंजुरीचीही गरज नसावी.