‘श्यामची आई’ : उपदेश कोणास?

माजलगावच्या जुन्या गावठाणाबाहेर, शेतांच्या जागी ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतील एकीत आमचे बिऱ्हाड आहे. शेजारी शिक्षक, बँकेतील कारकून, एक औषधविक्रेते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ अशी मंडळी राहतात. महिन्यातील एका रविवारी आम्ही आठ-दहा कुटुंबे एकत्र बसून एखादे पुस्तक वाचतो. गेल्या खेपेस निवड साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर पडली. पुस्तक सर्वांच्याच घरी होते. किंबहुना ते इतकी वर्षे कपाटात होते, की पुन्हा उघडून पाहावे असे कोणाच्या मनात आले नव्हते.

वाचन संपले, डोळे पुसून झाले, आणि निवृत्त गृहस्थ सहज बोलून गेले, ‘‘अशा आया आता राहिल्या नाहीत.’’ सर्वांनी माना डोलाविल्या, आम्हीही डोलाविली. स्त्रिया तोवर चहाचे पेले गोळा करून आत विसळावयास निघाल्या होत्या. त्यांतील एक शिक्षिका दाराशी थांबून म्हणाल्या, ‘‘सर, हे पुस्तक मिटले की मला दर वेळी अपराध्यासारखे वाटते. मी सायंकाळी सहाला घरी येते. त्या वेळी मुलाला शिकविण्याजोगे माझ्यापाशी काही उरलेले नसते.’’ यावर कोणी काही बोलले नाही. आम्हांस मात्र त्या रात्री ते वाक्य सोडीना. एका कष्टाळू मातेस जे पुस्तक वाचून अपराधी वाटावे, त्यात दोष पुस्तकाचा की आम्हां वाचणारांचा, हे ठरविण्यासाठी आम्ही ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतले.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यास कादंबरी म्हणावे की आत्मचरित्र, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमच्या मते, त्याची घडण कशी आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्रींचे हे पुस्तक आहे. म्हणजे सांगणारा मुलगा, ऐकणारेही बहुतेक मुलगेच, आणि जिच्याविषयी सांगावयाचे ती जगात नाही. आई येथे स्वतः एकही रात्र सांगत नाही. तिचे जे दर्शन घडते ते पोरक्या झालेल्या, मागाहून शहाण्या झालेल्या मुलाच्या अश्रूंतून घडते. आईच्या मृत्यूच्या वेळी श्याम तिच्यापाशी पोहोचू शकला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुस्तक वाचले, तर त्यातील प्रत्येक आठवणीच्या तळाशी पश्चात्तापाचा गाळ दिसू लागतो.

असे असूनही आम्ही हे पुस्तक मातेने कसे असावे हे शिकविणारा ग्रंथ म्हणून वाचीत आलो. विवाहात, बारशात, बक्षीस-समारंभात ते दिले गेले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि वनमालाबाईंच्या रूपाने तिला सर्वांच्या ओळखीचा चेहराही लाभला. मूर्तीची प्रतिष्ठापना पूर्ण झाली. मूर्ती झाली की तिच्या शेजारी उभी राहणारी हाडामांसाची बाई ठेंगणीच दिसावयाची.

आता मूळ पुस्तकात काय आहे ते पाहा. पहिल्याच रात्री आई तापाने अशक्त झालेली आहे. वटसावित्रीच्या व्रतात वडाला प्रदक्षिणा घालावयाच्या असून तिला चालवत नाही. ती हे काम श्यामवर सोपविते. तो लाजतो, बायकांचे काम मुलाने केलेले पाहून लोक हसतील असे त्यास वाटते. आई ती लाज मोडून काढते आणि तो प्रदक्षिणा घालतो. पुढे एका रात्री तर पुरुषानेही घरातील कामे शिकावीत, त्याच्या ठायी स्त्रीचे गुण असावेत, हाच विषय आहे आणि त्यास अर्धनारी नटेश्वराचे नाव दिले आहे. अन्यत्र ती श्यामला एका वृद्ध अस्पृश्य स्त्रीची मोळी उचलू लागावयास पाठविते. या तिन्ही ठिकाणी उपदेश कोणास आहे? तो मुलास आहे. लाज सोड, हात लाव, दुसऱ्याचे ओझे उचल, हा तो उपदेश होय. आम्ही पुरुष वाचकांनी मोठ्या चतुराईने तो पत्ता खोडून त्यावर आमच्या बायकांची आणि सुनांची नावे घातली.

दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. नव्या वसाहतींतील सुटी सुटी घरे पाहून जुनी मंडळी हळहळतात आणि या पुस्तकाचा दाखला देतात. वास्तविक श्यामचे कुटुंब भाऊबंदकीने विभक्त झालेले आहे. त्यानंतर ते आईच्या माहेरी आश्रयास राहते, तेव्हा तो मिंधेपणा सहन न होणारी व्यक्ती आईच आहे. झोपडी चालेल पण ती स्वतःची असावी, असा आग्रह ती धरते, आणि त्यासाठी अंगावरचे सोने मोडण्यासही तयार होते. जिला आम्ही एकत्र कुटुंबाची देवता मानतो, तिने स्वाभिमानासाठी वेगळी चूल मांडिली होती! आमच्या वसाहतीतील ज्या सुनांनी कर्ज काढून दोन खोल्यांचे घर बांधिले, त्या श्यामच्या आईपासून फार दूर गेलेल्या नाहीत.

तसेच तिच्या शांतपणाविषयी. मुलगा पोहावयास भितो म्हणून ती त्याला वळ उठेपर्यंत मारते आणि मागाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येते. सावकाराचा माणूस घरात शिरून नाही ते बोलतो, तेव्हा ती वाघिणीसारखी उसळते. ती चिडते, थकते, अपमानाने जळते. संगमरवरी पुतळ्याला यांतील काहीही करिता येत नाही.

गुणांबरोबर दोषही सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. गुरुजींस आपल्या कथेवर पुरेसा विश्वास नव्हता असे कित्येकदा वाटते. प्रसंग स्वतः बोलत असता ते मध्येच उठून त्याचे तात्पर्य सांगू लागतात. आईच्या तोंडीही कधी कधी अशी वाक्ये येतात, की ती चुलीपुढे बसलेल्या बाईची न वाटता आश्रमातील प्रवचनाची वाटतात. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की तिला स्वतःसाठी काय हवे होते हे आपणांस जवळजवळ कळतच नाही. याच काळात, १९३४ साली, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘हिंदोळ्यावर’ प्रसिद्ध झाली. पतीपासून दूर झालेल्या अचलेची मातृत्वाची ओढ तीत एका स्त्रीच्या लेखणीने, स्त्रीच्या बाजूने मांडिली आहे. त्या पुस्तकाने समाज खवळला. या पुस्तकाने गहिवरला. आईविषयी मुलाने बोललेले आम्हांस गोड लागते. मातृत्वाविषयी स्त्री स्वतः बोलू लागली की आम्ही कासावीस होतो. दोन्ही पुस्तके एकाच फळीवर शेजारी ठेविली पाहिजेत. एकीवाचून दुसरे अर्धे आहे.

येथे आमच्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. बाराव्या वर्षी शाळेत बक्षीस म्हणून आम्हांस हे पुस्तक मिळाले. आमच्या मातोश्रींस लिहितावाचता येत नव्हते. त्या भाकऱ्या थापीत असता आम्ही चुलीजवळ बसून त्यांना ते वाचून दाखवीत असू. बेचाळीस रात्री आम्ही महिनाभरात संपविल्या. शेवट ऐकून त्यांनी पदराने डोळे टिपले आणि विचारले, ‘‘मग त्या लेकरानं तिच्या हातचं काम कधी घेतलं का रं?’’ आम्ही हसलो. इतके थोर पुस्तक ऐकून हिने विचारले काय, असे त्या वेळी वाटले. पुढे इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली, अध्यापक झालो, वर्गात या पुस्तकावर व्याख्याने दिली. मातोश्री अखेरपर्यंत विहिरीचे पाणी शेंदीत राहिल्या आणि आम्ही त्यांच्या हातातील घागर कधी घेतली नाही. पुस्तकाचे मर्म त्या निरक्षर स्त्रीस पहिल्याच श्रवणात कळले होते. आम्हांस त्यास चाळीस वर्षे लागली.

माजलगावात राहून हे पुस्तक वाचणारास आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. सिंदफणेवरील धरणाने येथील काही शिवार हिरवे केले, तरी दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ऊस तोडावयास बाहेर पडतातच. नवराबायको मिळून एक कोयता; आणि पायांत मुकादमाच्या उचलीची बेडी. मुले कोणाची सोबत जातात, कोणाची आजीपाशी राहतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे, जिल्ह्यातील पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकिलेली होती. मातृत्वाचे स्तोत्र गाणाऱ्या समाजात हा आकडा छापला गेला आणि विसरलाही गेला. श्यामची आई कशाने गेली? सतत येणारा ताप, कमी न होणारे काम आणि न फिटणारे कर्ज, असे तिघे मिळून तिला नेतात. गुरुजींनी हे लपविलेले नाही. प्रत्येक पानावर ते आहे. आमचे डोळे पाण्याने भरले म्हणून आम्हांस ते दिसले नाही, इतकेच.

तेव्हा त्या शिक्षिकाबाईंस आमचे उत्तर असे : बाई, अपराध आपला नव्हे. हे पुस्तक आपणांस उद्देशून लिहिलेलेच नाही. ते आपल्या मांडीवर निजणाऱ्या मुलासाठी आहे, त्याच्या वडिलांसाठी आहे, आणि ‘अशा आया आता राहिल्या नाहीत’ हे ऐकून मान डोलाविणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी आहे. असे श्याम किती राहिले, हा प्रश्न आम्ही त्याच वेळी विचारावयास हवा होता.

पुढील रविवारची बैठक आमच्या घरी आहे. त्या दिवशी चहाचे पेले विसळण्याचे काम आम्ही आणि ते निवृत्त गृहस्थ करणार आहोत. त्यांस तसे कळविले असून त्यांनी, थोडे आढेवेढे घेऊन का होईना, होकार दिला आहे.